तुळजा गाय झाली त्याची गोष्ट

एका राज्यात, राज्याचं नाव विचारू नका, कारण तिथं नावांनीच सगळा घोळ घातला होता, एक अद्भुत सुरू झालं. माणूस माणसाला जनावर म्हणाला, की तो माणूस ते जनावर व्हायचा. पंतोजी म्हणाले, "माकडा, खाली बस," की पोर धोतर टाकून तुळईवर. मालक गड्याला म्हणाला, "बैला, दिसत नाही का?" की गडी चार पायांवर उभा. एका सासूनं सुनेला म्हैस म्हटलं. चुलीपाशी म्हैस आली, आणि त्या दिवसापासून भाकऱ्या सासूला थापाव्या लागल्या.

लोक शहाणे झाले. शहाणे कसले, घाबरले. पंतोजी "गा..." म्हणत आणि उरलेला शब्द गिळून टाकत. भांडणारे एकमेकांना "अरे भोपळ्या, अरे दगडा" म्हणू लागले. दवंडी फिरली, "जिभा आवरा हो!" लोकांना वाटलं, बाधा शिव्यांची आहे. स्तुतीचीही असेल, हे कुणाच्या मनात आलं नाही. येणार कसं? त्या राज्यात, लग्नसराई सोडली तर, स्तुती एकट्या राजाचीच होत असे, आणि राजवाड्यात काय घडलं ते भिंतीबाहेर येत नसे. महाराज अनुष्ठानाला बसले आहेत, एवढंच प्रधान सांगत.

त्याच राज्यात आवडाबाई राहत होती. नवऱ्याचा तेलाचा घाणा, नवऱ्याचं नाव बाळोजी, आणि बाळोजीचा स्वभाव तेलासारखा, जिकडे उतार तिकडे. घर चालायचं ते आवडाबाईच्या जिभेवर. जीभ कसली, कोयता होता. बाधा लागली त्या पहिल्याच आठवड्यात तो कोयता नणंदेवर पडला होता. नणंद मोठी, नवऱ्यामागं माहेरी आलेली. ताकात मीठ जास्त झालं म्हणून तिनं दोन शब्द ऐकवले, तर आवडाबाई म्हणाली, "साळुंकी मेली! दिवसभर नुसती किचकिच!" ताकाचं भांडं गडगडत गेलं आणि नणंद उडून वळचणीला बसली. तेव्हापासून ती वळचणीलाच होती. किचकिच तशीच चालू होती, फक्त वरून; साळुंकीला माणसासारखं बोलता येतंच.

आवडाबाईला एकच लेक, तुळजा. घाण्याचा बैल जुंपायची, हसली तर तीन घरं ऐकू जायची, आणि मनात आलेलं तोंडात यायला तिला वेळ लागत नसे. कुणाची लेक होती?

देवढ्याच्या इनामदारांचं स्थळ आलं. घर मोठं, मुलगा बरा. पाट मांडला, गूळपाणी झालं, तुळजा मान खाली घालून बसली. मुलाची आई म्हणाली, "मुलगी फार बोलते असं कानावर आलंय."

आवडाबाईला वाटलं, स्थळ जातं की काय! मग तिनं तेच केलं, जे तिच्या आईनं केलं होतं, आईच्या आईनं केलं होतं, जे लेक दाखवणारी प्रत्येक बाई करते.

"छे हो! कुणी दुष्टानं सांगितलं? आमची तुळजा म्हणजे गरीब गाय. बांधाल त्या दावणीला मुकाट उभी राहील."

तुळजानं मान वर केली. "मी?" एवढंच तिला म्हणायचं होतं. ते झालं नाही. पाटावर एक तांबडी गाय बसली होती. कपाळावरचं कुंकू तेवढं जागच्या जागी होतं.

मुलाची आई पदर सावरत उठली आणि जरा वाकून म्हणाली, "दूध देते का?"

"चालत्या व्हा!" आवडाबाई अशी ओरडली की इनामदारांच्या पागोट्याचा पीळ सुटला. माणसं गेली. वळचणीतून आवाज आला.

"झालं समाधान? मला पाखरू केलंस ती शिवी होती. पोरीला गाय केलंस ती स्तुती होती. तुझ्या तोंडात दोन्हींची चव एकच, आवडे."

आवडाबाईनं एरवी पाटा फेकून मारला असता. त्या दिवशी ती गाईच्या गळ्यात पडून रडली.

आता एक गोष्ट त्या राज्यात सगळ्यांना कळून चुकली होती. जनावर झालेल्यानं जनावराचा घास खाल्ला, की तो माणूसपण विसरे. मग परत वाट नाही, असं लोक मानत. बैल झालेल्या गड्यानं कडबा खाल्ला होता, आता तो बैलच होता, मालकाच्या हाकेला ओ देणारा. तुळजापुढं बाळोजीनं भाकरी धरली. ती हुंगायची, चाटायची, पण गाईच्या घशाखाली ती उतरेना. आणि वैरणीकडे ती बघेना. पोर उपाशी उभी राहिली, डोळे आईवर लावून.

आवडाबाईनं पदर खोचला. "वन्सं, पाखरांत सगळं बोललं जातं म्हणतात. ही बाधा आली कुठून?"

साळुंकीनं पंख झटकले. "इतके दिवस विचारलं नाहीस ते? मी नुसती नणंद होते तोवर चाललं, होय ना? लेकीवर आलं तेव्हा वळचण आठवली." "होय," आवडाबाई म्हणाली. नणंदेला ते नवीनच होतं. ती खाली येऊन खांद्यावर बसली. "चल. रान दाखवते."

रानात एक बेहडा होता, चार जणांच्या कवेत न मावणारा. बुंध्याला टेकून एक जोगीण बसली होती. तिच्या जटांत खारी राहत होत्या, आणि त्या रानात जनावरांचं बोलणं माणसाला कळत असे, आणि एकदा कळलं की पुढंही कळत राही.

"काय हवं?" जोगीण म्हणाली.

"माझी लेक."

"या झाडाला सोन्याच्या घंटा होत्या. एकेका घंटेत एकेका जनावराचं नाव राहत होतं. तुमचा राजा शिकारीला आला आणि घंटा काढून घेऊन गेला. घर मोडलं, नावं उघड्यावर आली. तुम्ही तोंडानं फेकता तिथं ती पडतात, आणि पडतात तिथं घर करतात."

"घंटा परत आणल्या तर?"

"तर नावं घरी येतील. मग ज्याच्या त्याच्या कानात त्याचं माणसाचं नाव सांगायचं. पाळण्याशी आत्या सांगते तसं, कुर्रर्र करून. त्यासाठी तीन कामं कर. गाढवाकडून पाठ माग. घुबडाकडून राजाचं पाळण्यातलं नाव माग. सिंहाकडून घंटा माग. गाढव आणि घुबड यांच्याशी खोटं बोललीस, तर तिथूनच परत फिर."

"खोटं बोलायला मी काय..." आवडाबाई म्हणाली, आणि तिला पाटावरचं आपलंच वाक्य आठवलं. ती थांबली.

"आणखी एक," जोगीण म्हणाली. "ज्यानं जनावर केलं, त्याच्या हाकेनं माणूस परत येत नाही. दुसऱ्या कुणी हाक मारायची."

आवडाबाईनं खांद्यावरच्या साळुंकीकडे पाहिलं. साळुंकी मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

गाढव ओढ्याकाठी एकटंच चरत होतं. आवडाबाई म्हणाली, "राजवाड्यातून घंटा आणायच्या आहेत. तुझी पाठ हवी."

"माझं नाव तू किती जणांना दिलंस?"

"मोजलं नाही. नवऱ्याला रोज देत होते. आता भोपळा म्हणते."

"माझ्यात काय पाहून दिलंस?"

तिच्या जिभेवर गोड उत्तर आलं होतं, ते तिनं गिळलं. "काही पाहून नाही. ओझं लादलं तरी तू बोलत नाहीस. बोलत नाही त्याला मूर्ख म्हणणं सोपं जातं. तुला शहाणं म्हटलं असतं, तर ओझं लादताना आम्हाला लाज वाटली असती."

गाढवानं कान हलवले. "हे आजवर कुणी कबूल केलं नव्हतं. चल. पण हाकायचं नाही. मी मागून येईन."

घुबड ढोलीत झोपलं होतं. भर दुपार, म्हणून चिडून उठलं. "कोण अभद्र आहे?"

"अभद्र तर आम्ही तुला म्हणतो," आवडाबाई म्हणाली.

"ठाऊक आहे. घरावर बसले की दगड मारता. का?"

"तू बसलीस की कुणी मरतं म्हणून."

"आणि मी नसताना मरत नाही?"

आवडाबाईला हसू आलं. "मरतं गं बाई. माझा सासरा भर सकाळी गेला, वर आढ्याला चिमण्या होत्या. चिमण्यांना कुणी बोललं नाही. तुझे डोळे मोठे, तू रोखून बघतेस. रोखून बघणाऱ्या बाईला आम्ही माणसांतही अभद्रच म्हणतो. मलाही म्हणतात."

घुबड बराच वेळ तिच्याकडे रोखून बघत राहिलं. तीही बघत राहिली. दोघींपैकी कुणीच पापणी हलवली नाही.

"राजा जन्मला तेव्हा मी महालाच्या खिडकीत होते," घुबड म्हणालं. "पाळण्याशी साप आला, तो मी उचलला. सकाळी दासींनी मलाच दगड मारले. पण बारशाचं नाव मी ऐकलंय. राणीची आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून नजर लागू नये असं नाव ठेवलं. पुढं त्याला ते नाव लाजिरवाणं वाटलं आणि त्यानं पदव्या घेतल्या." घुबडानं ते नाव तिच्या कानात सांगितलं आणि पुन्हा डोळे मिटले. "आता जा. मला झोपू दे."

राजवाड्याच्या दाराशी प्रधान आडवे आले. "महाराज अनुष्ठानाला बसले आहेत."

"काय खाऊन बसले आहेत?" आवडाबाईनं विचारलं.

प्रधानांचा चेहरा पडला. या प्रश्नाचं उत्तर त्यांना बरेच दिवस सापडत नव्हतं. ते बाजूला झाले.

सिंहासनावर सिंह होता. आयाळ विस्कटलेली, बरगड्या दिसणाऱ्या. पुढ्यात पुरणपोळ्यांचं ताट तसंच पडलेलं, बाजूला कच्च्या मांसाची परात, तीही तशीच. भाटांनी दसऱ्याच्या दरबारात "महाराज म्हणजे सिंह" असं गायलं होतं, आणि गाणं संपायच्या आत भाट पळाले होते. त्याच्या पंजांखाली सोन्याच्या घंटांचा ढीग होता.

सिंह गरजला. झुंबरं हलली. साळुंकी आवडाबाईच्या पदरात शिरली. आवडाबाई मात्र पुढंच गेली; तिला उपाशी उभी असलेली तुळजा दिसत होती, आणि त्यापुढं सिंह काय चीज!

"घंटा द्या महाराज."

"मी सिंह आहे. सिंह देत नसतो."

"सिंह आहात तर मांस का खात नाही?"

"ओकारी येते."

"मग पोळी खा."

"दातात अडकते." राजा जरा नरमला. "पण सगळे मला भितात. पूर्वी नुसते मुजरे करत. मनातून हसत होते की काय, कळत नसे. आता खरोखर भितात."

"तुमच्या सुळ्यांना भितात. तुम्हाला कोण भितं? तुम्ही तर इथं सापडतही नाही. आणि रानातला सिंह कसा असतो ते विचारा रानाला. दिवसभर झाडाखाली लोळतो. शिकार करतात त्या सिंहिणी. भाटांनी कधी पाहिलाय का सिंह? त्यांना फक्त आयाळ ठाऊक."

सिंहानं मान खाली घातली. "घंटा दिल्या तर मी कोण राहीन? माणसाच्या अंगात मी सिंह नव्हतोच. साधा होतो."

"साधं असायला काय धाड भरली आहे? सगळं राज्य साधंच आहे. माझी लेक उपाशी आहे महाराज. तुम्हीही उपाशी आहात. दोघांना जेवायला घालायचं एवढंच माझं काम. सरका."

असं त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं, निदान दाई गेल्यापासून. सिंह सरकला. घंटा गोणीत भरून गाढवाच्या पाठीवर चढल्या. आवडाबाई सिंहाच्या कानाशी वाकून म्हणाली, "घंटा झाडाला लागल्या की प्रधानांना तुमच्या कानात नाव सांगायला सांगते. धोंडू. बरोबर ना?"

सिंहाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई म्हणायची," तो म्हणाला.

गाढव न हाकता चाललं, आणि हाकलं असतं त्याहून भरभर चाललं. बेहड्याला एकेक घंटा लागू लागली. माकडाची, म्हशीची, कोल्ह्याची, कुत्र्याची. घंटा लागली की ती आपणच एकदा वाजायची, घरी आल्यासारखी. शेवटची गाईची होती. ती वाजली, आणि जोगीण म्हणाली, "लेक आत्ता वैरणीपाशी गेली आहे. भुकेनं तिचं भान सुटत चाललं. आता नाव पोचायला हवं."

घर लांब होतं. आवडाबाई धावली तरी पोचली नसती, आणि पोचून तिची हाक चालणार नव्हती. तिनं साळुंकीपुढं हात जोडले. "वन्सं, तुम्ही जा."

"आणि मला कोण हाक मारेल? तूच पाखरू केलंस, तुझी चालत नाही."

"तुळजा मारेल."

"काय म्हणून? तिला माझं नाव ठाऊक नाही. ते कुणाला ठाऊक होऊ नये म्हणून मी जन्मभर आत्या, वन्सं, काकू म्हणून राहिले." साळुंकीचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "चौथी मुलगी म्हणून माझं नाव नकुशी ठेवलं होतं. माझ्या पाठीवर तुझा नवरा झाला, तर पेढे वाटले. पाखरू बरं की ते नाव बरं, सांग तू."

आवडाबाई म्हणाली, "वन्सं, ताकात मीठ मीच जास्त घातलं होतं. तुम्ही बरोबर बोललात म्हणून मला राग आला. तुम्हाला पंख फुटले आणि मी माफीही मागितली नाही, वर भाताची शितं टाकत राहिले, उपकार केल्यासारखी. तुम्ही माणूस व्हा नाहीतर पाखरू राहा, ज्या नावानं हवं त्या नावानं राहा. माझ्या घरात तुमची जागा आहे. वळचणीला नाही, चुलीपाशी. पण माझ्या पोरीला वाचवा."

साळुंकीनं तिच्याकडे एक डोळा तिरका करून पाहिलं. "एवढं बोलायला पंख फुटावे लागले मला," ती म्हणाली, आणि उडाली.

आवडाबाई वाटभर धावली. पाय सोलवटले, पदर काट्यांत राहिला. पोचली की नाही पाखरू? वाटेत ससाण्यानं धरलं तर? रागानं दुसरीकडेच गेली तर?

दारात ती उभी राहिली. गोठ्यात वैरण विस्कटलेली होती. गाय नव्हती.

आणि मग तीन घरं ऐकू जाईल असं हसू तिला ऐकू आलं.

ओट्यावर तुळजा बसली होती, केसांत गवताची काडी, दोन्ही हातांत भाकरी, गाल फुगलेले. घास ओठांपाशी असताना शिंगावर आत्या येऊन बसली होती आणि कानात म्हणाली होती, "कुर्रर्र... तुळजा!" खाली पडलेला घास अजून तिथंच होता. बाळोजी लेकीकडे बघत नुसता रडत होता, पुन्हा पुन्हा भाकरी पुढं करत. वर तुळईवर साळुंकी पिसं साफ करत होती, जसं काही झालंच नाही.

आवडाबाई पुढं धावली. तुळजानं हात आडवा केला. घास गिळला आणि म्हणाली, "मी गाय कधी होते गं, आई? पाटावर बसवून तू कुणाबद्दल सांगत होतीस?"

"मला लग्न जमवायचं होतं."

"कुणाचं? त्या गाईचं?"

आवडाबाईनं पाहिलं, हिचीही जीभ कोयताच. आणि तिला ते आवडलं. "चुकलं बाई माझं," ती म्हणाली. "पुन्हा तुला विकायच्या भाषेत बोलणार नाही." तेव्हा तुळजानं हात खाली घेतला, आणि आईला जवळ ओढून तिच्याही तोंडात भाकरीचा तुकडा कोंबला.

मग तुळजा तुळईकडे बघून म्हणाली, "आत्या, खाली ये. नाव काय सांगू तुझ्या कानात?"

साळुंकी हळूच म्हणाली, "साळू म्हण. हे पाखरू मला बरं वाटलं. सगळीकडून दिसतं, कुणी 'नको' म्हणत नाही. आवडानं फेकलं ते वेगळं, मी घेतलं ते वेगळं." तुळजानं तिला ओंजळीत घेतलं आणि कुर्रर्र करून म्हणाली, "साळूआत्या!" पिसांच्या जागी लुगडं आलं, आणि चुलीपाशी बसता बसता साळूआत्या म्हणाली, "तवा नीट तापला नाही."

आवडाबाई हसली. मीठ तिनं नणंदेलाच घालू दिलं.

प्रधानांनी दवंडी पिटवली, आणि राज्यात घरोघर लोक एकमेकांच्या कानात कुर्रर्र करत हिंडत होते. म्हैस झालेल्या सुनेला शेजारणीनं हाक मारली. तिनं उठून आधी सासूकडे असं पाहिलं की सासू स्वतःहून पीठ मळायला बसली. कडबा खाल्लेला गडी माणूसपण विसरला होता, त्याला एका हाकेत काही आठवलं नाही. पण त्याच्या बायकोनं दावणीशी बसून इतक्या हाका मारल्या की शेवटी त्यानं कंटाळून "काय गं?" म्हटलं, आणि तो माणूस होता. राजवाड्यात धोंडूमहाराज पोटभर पुरणपोळी जेवले आणि भाटांना म्हणाले, "मी जे केलंय तेवढंच गा." भाटांचं गाणं फार लवकर संपू लागलं.

दिवाळीनंतर देवढ्याचे इनामदार पुन्हा आले. या वेळी मुलगा पुढं होता, आई मागं. आई म्हणाली, "मागचं विसरून जाऊ. मुलगी कशी आहे, एकदा सांगा."

आवडाबाईनं तोंड उघडलं. वाघीण म्हणावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. आता बाधा नव्हती, म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिनं शब्द परत गिळला.

"मला कशाला विचारता?" ती म्हणाली. "ती इथं बसली आहे. तिला तोंड आहे."

तुळजानं मुलाकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला घाणा हाकता येतो का?"

मुलगा म्हणाला, "येत नाही. शिकीन."

"मग बसा," तुळजा म्हणाली.

बेहड्यावर घंटा वाजत राहिल्या, गाढव ओढ्याकाठी चरत राहिलं, घुबड दुपारची झोप निवांत घेऊ लागलं. ज्याचं नाव त्याच्या घरी गेलं, उपाशी होते ते जेवले, आणि ही कहाणीही पाटावर बसून जेवली.